कंपनीचा स्टिरिओ न काढता अ‍ॅम्प आणि प्रोसेसर बसवले, त्याची गोष्ट

पूर्वी हे काम सोपं होतं. डॅशबोर्डमधला स्टिरिओ उपसायचा, त्याच मापाचा चांगला आणून बसवायचा, आणि मागे आरसीएच्या जोड्या (सिग्नल बाहेर काढायची गोल सॉकेट) आयत्या मिळायच्या. अ‍ॅम्पला वायर जोडली की झालं, आवाजाची ताकद वाढवायचं काम तो करायचा. आमच्या आत्ताच्या गाडीत ती सोयच नाही. रिव्हर्स कॅमेरा त्याच स्क्रीनवर, एसीचं तापमान त्याच स्क्रीनवर, दरवाजे आपोआप लॉक व्हावेत की नाही हेही तिथेच ठरवायचं. स्टिरिओ काढला तर अर्धी गाडी आंधळी होते. त्यामुळे तो ठेवूनच पुढचं काय ते बघायचं होतं.

पुण्यात दोनतीन दुकानं फिरलो. सगळीकडे उत्तर तेच, "चार चॅनलचा अ‍ॅम्प टाका साहेब, गाडी हलेल." गाडी हलवायची नव्हती. मला अभंगातला पखवाज पखवाजासारखा ऐकू यायला हवा होता, आणि आवाज वाढवला की डग्गा गायब होतो तो प्रकार थांबायला हवा होता. शेवटी ज्यांच्याकडे काम दिलं त्यांना दुकानातली पोरं काका म्हणतात, मीही काकाच म्हणायला लागलो. त्यांनी एकही अ‍ॅम्प दाखवला नाही. म्हणाले, "आधी वायरीवर काय येतंय ते बघू. त्यावर ठरेल काय घ्यायचं ते." आज वाटतं, एवढ्या एका वाक्यासाठीसुद्धा मी त्यांना पैसे दिले असते.

डॅशबोर्डची पट्टी काढून त्यांनी स्टिरिओ पुढे ओढला आणि मल्टिमीटर डीसीवर लावून पुढच्या उजव्या स्पीकरची प्लस वायर बॉडीच्या हिशेबाने मोजली. साधारण साडेसहा व्होल्ट. मग मायनस मोजली, तीही साडेसहा. दोघींमधला फरक जवळजवळ शून्य. "ही मायनस आहे, पण 'अर्थ' म्हणजे बॉडीचं अर्थिंग नाही," काका म्हणाले. "हिला बॉडीला मारली की स्टिरिओचा आयसी, म्हणजे आतली आवाजाची चिप, गेलाच म्हणून समजा."

यामागचं गणित कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी सुटतात. गाडीला मिळतात इंजिन चालू असताना जेमतेम १४.४ व्होल्ट. स्पीकरच्या एकाच टोकाचं व्होल्टेज हलवलं तर ४ ओहमवर सहासात वॅटच्या पुढे जाता येत नाही. म्हणून स्टिरिओतला आयसी स्पीकरची दोन्ही टोकं उलटसुलट हलवतो, आणि दोन्ही टोकं बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर टांगलेली राहतात. एवढं करूनही स्वच्छ आवाजाचे २६ वॅट ही कागदावरची कमाल मर्यादा, प्रत्यक्षात वीसच्या आसपास. डब्यावर छापलेलं '५० गुणिले ४' वाचून खूश व्हायचं कारण नाही. पण तेच साडेसहा व्होल्ट उपयोगीही पडतात. आजचे बरेच प्रोसेसर (स्टिरिओ आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बसून सिग्नल सुधारणारी डबी) ते ओळखून आपोआप चालू होतात, त्यामुळे चालू-बंदचा इशारा देणारी रिमोटची वेगळी वायर शोधत बसावं लागत नाही.

खरी मजा पुढच्या चाचणीत होती. काकांकडे एका पेनड्राइव्हवर ४० हर्ट्झच्या खर्जापासून १० हजार हर्ट्झच्या बारीक सुरापर्यंतचे सूर एकाच पातळीवर भरून ठेवलेले होते. ते वाजवायचे आणि ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्रावर, उंची बघायची. (साधा मल्टिमीटर इथे दगा देतो. तो घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो, काहीशे हर्ट्झच्या वर त्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही.) व्हॉल्यूम १२ वर ठेवला तेव्हा ४० हर्ट्झची लाट १ हजार हर्ट्झच्या लाटेपेक्षा चांगली उंच. २० वर दोन्ही बरोबरीत. ३० वर ४० हर्ट्झची लाट निम्म्याहूनही खाली. माझा डग्गा कुठे जातो याचं उत्तर स्क्रीनवर हिरव्या रेघेत दिसत होतं. दारातले कागदी कोनचे स्वस्त स्पीकर फाटू नयेत म्हणून स्टिरिओ स्वतःच बास कमी करत जातो. कंपनीच्या दृष्टीने शहाणपणाच आहे तो. पण म्हणूनच नुसता अ‍ॅम्प लावून काही होत नाही. बास कमी केलेलाच सिग्नल तो अधिक जोरात वाजवतो, बस.

पुढे व्हॉल्यूम ३४ वर लाटेचा माथा सपाट झाला, म्हणजे तिथून वर सिग्नल कापला जातोय. ४० पर्यंत आकडे आहेत, पण वरचे सहा आपल्या कामाचे नाहीत.

आणखी एक गोष्ट तपासली. ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, काढून बघितला तर त्याच्या पायाशी खालचे सूर अडवणारा एक छोटा कपॅसिटर, आणि तो दारातल्या स्पीकरच्याच वायरीवर समांतर जोडलेला. म्हणजे पुढच्या दोन चॅनलवर वरपासून खालपर्यंत पूर्ण सिग्नल मिळतो. हे नशीब. ज्या गाड्यांत कंपनीचाच वेगळा अ‍ॅम्प असतो तिथे ट्वीटरला वेगळा, मधल्या सुरांच्या मिडला वेगळा, खालच्या सुरांच्या वूफरला वेगळा असा कापून दिलेला सिग्नल मिळतो. ते तुकडे प्रोसेसरमध्ये परत जोडून एक करावे लागतात. काही महागड्या गाड्यांत तर स्टिरिओपासून अ‍ॅम्पपर्यंत सिग्नल डिजिटलच जातो, तिथे वायर सोलून काहीच हाती लागत नाही, त्या गाडीसाठी बनवलेला इंटरफेस घ्यावा लागतो.

मग सामान ठरलं. हाय-लेव्हल इनपुट असलेला (म्हणजे थेट स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणारा) सहा आउटपुटचा प्रोसेसर, दर चॅनलला ७५ वॅटचा चार चॅनल अ‍ॅम्प, पुढे साडेसहा इंची स्पीकर आणि ट्वीटरचा संच, आणि डाव्या सीटखाली मावणारा आठ इंची सबवूफर, ज्यात त्याचा अ‍ॅम्प आतच असतो. डिकी मला रिकामी हवी होती, गावाकडून आंब्याच्या पेट्या येतात. 

वायर कापायची नाही ही माझी अट, वॉरंटीसाठी. आमच्या गाडीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) बसणारे नर-मादी कपलर बाजारात मिळतात. ते मध्ये घालून स्टिरिओचा सिग्नल प्रोसेसरकडे वळवला आणि अ‍ॅम्पचा आउटपुट त्याच हार्नेसच्या दुसऱ्या टोकातून दाराकडे परत पाठवला. दाराच्या रबरी नळीतून नवीन जाड वायर घुसवायची झटापट वाचली. मला शंका होती की कंपनीच्या बारीक वायरला ७५ वॅट झेपतील का. पण ७५ वॅटला ४ ओहमवर सव्वाचार अँपिअर लागतात, आणि अर्धा चौरस मिलिमीटर वायरचा तीनेक मीटरचा जाऊन-येऊन रोध भरतो ०.२ ओहमच्या आसपास. चालतंय.

ट्वीटरला मात्र वेगळी वायर लागली, ती डॅशबोर्डच्या कडेने समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबात न्यायची. इथे काकांनी पोराला बाजूला करून काम स्वतः केलं. समोरच्या खांबात पडदा-एअरबॅग असते. तिच्या पुढून वायर नेली किंवा तिला टाय मारून बांधली तर नको त्या दिवशी ती नीट उघडणार नाही. बॅटरीची मायनस आधी काढून ठेवायची, थोडा वेळ थांबायचं, आणि पिवळ्या कव्हरच्या वायरींच्या वाटेला जायचं नाही. तुमच्या दुकानात हे कुणी पाळत नसेल तर गाडी उचलून घरी आणा, माझं स्पष्ट मत आहे.

पॉवरची वायर ४ गेजची, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची निम्म्या किमतीत मिळते, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. तो अ‍ॅम्पसाठी नसतो. मधल्या वाटेत वायर कुठे घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. वायर आत आली ती कंपनीच्या रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या बुचातून.

सगळं जोडून गाडी चालू केली. काही सेकंद आवाज आला आणि बंद पडला. स्टिरिओ चालू होताना स्पीकर जागेवर आहेत का हे चाचपून बघतो, आणि प्रोसेसरचा इनपुट त्याला रिकाम्या वायरीसारखाच वाटला. स्पीकर तुटलाय असं समजून त्याने ते चॅनल गप्प केले. उपाय स्वस्त. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या तपकीर गल्लीतून ४७ ओहम, १० वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर आणले आणि प्रत्येक चॅनलच्या प्लस-मायनसमध्ये एकेक डाग देऊन लावला. स्टिरिओचं समाधान झालं. रेझिस्टर कोमट होतात, म्हणून कापडी टेपमध्ये न गुंडाळता धातूच्या पट्टीला बांधले.

पुढचं संकट म्हणजे शिट्टी. इंजिनचा वेग वाढला की ट्वीटरमधला बारीक सूर वर चढायचा. अ‍ॅम्पची आरसीए वायर काढली की बंद, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष, भानगड आधीच्या टप्प्यात. प्रोसेसरला वीज डॅशबोर्डच्या फ्यूज बॉक्समधून आणि अर्थ तिथल्याच बोल्टवर होता, अ‍ॅम्पचा अर्थ सीटखाली. दोन अर्थांमध्ये अल्टरनेटरमुळे जो किंचित फरक पडत होता तो आरसीए वायरीच्या जाळीतून वाहत होता. दोघांची वीज आणि अर्थ एकाच जागी आणले, तिथला रंग पत्र्यापर्यंत खरवडला, वायरीच्या टोकाचा लग आवळला, वरून गंजरोधक मारला. शिट्टी गेली. या शिट्टीवर दुकानात फिल्टर नावाची डबी विकतात. अर्थ नीट असेल तर ती लागत नाही.

मग ट्यूनिंग, आणि खरा वेळ तिथेच गेला. लॅपटॉप मांडीवर, यूएसबी मायक्रोफोन कानाच्या उंचीवर, आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. आधी क्रॉसओव्हर, म्हणजे कुठले सूर कुठल्या स्पीकरला ते: ट्वीटर ३ हजार हर्ट्झच्या वर, दारातले स्पीकर ८० ते ३ हजार, त्याखाली सब. ट्वीटरच्या वाटेत ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर राहू दिला. तो ४ ओहमला साधारण ८५० हर्ट्झखालचं अडवतो, म्हणजे ट्यूनिंगवर परिणाम नाही, पण चुकून पूर्ण सिग्नल सुटला तर ट्वीटर वाचतो. अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) ठरवताना ७५ गुणिले ४ चं वर्गमूळ, १७.३ व्होल्ट, ही मर्यादा धरली आणि त्याच्याही बरंच खाली थांबलो.

स्टिरिओचा आधीचा ईक्यू (कुठले सूर किती वाढवले-घटवले ते) उलटवणं म्हणजे साखर घातलेल्या चहातून साखर काढण्यासारखं. एका व्हॉल्यूमला जमतं, दुसऱ्याला बिघडतं, कारण तो बास व्हॉल्यूमनुसार बदलतो. यावर एकच व्यवहारी तोडगा आहे. स्टिरिओचा व्हॉल्यूम ३० वर कायमचा ठेवायचा, तिथला ईक्यू प्रोसेसरमध्ये सपाट करायचा, आणि आवाज कमी-जास्त करायचा तो प्रोसेसरच्या वेगळ्या नॉबने. नॉब गिअरच्या बाजूला बसवला. याने खरखरही कमी झाली. तोटा असा की स्टिअरिंगवरची व्हॉल्यूमची बटणं आता शोभेची. सुरुवातीला हात तिकडेच जायचा.

टाइम अलाइनमेंटसाठी, म्हणजे सगळ्या स्पीकरचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचावा यासाठी, टेप घेऊन डोक्यापासून अंतरं मोजली. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर ९५ सेंटिमीटरवर, डावा १४० वर. आवाज मिलिसेकंदाला ३४.३ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला १.३ मिलिसेकंद उशीर द्यायचा. आकडा भरला आणि उजव्या गुडघ्यापाशी बसलेला गायक उठून डॅशबोर्डच्या मधोमध आला. एवढा बदल नवीन स्पीकरनेही झाला नव्हता. सबला मात्र टेप लागू पडत नाही, त्याच्या फिल्टरचा स्वतःचा उशीर असतो. तिथे ८० हर्ट्झचा सूर लावून, थोडं थोडं सरकवत, जिथे तो सगळ्यात भरीव वाजला तिथे थांबलो. डग्ग्याचा घुमारा सीटखालून न येता समोरून यायला लागला तेव्हा काका पहिल्यांदा हसले.

सीटबेल्टची टिंगटिंग आणि रिव्हर्सचा बीप त्याच पुढच्या चॅनलवर येतात, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. पहिल्यांदा गाडी मागे घेतली तेव्हा सोसायटीतला वॉचमन वळून बघायला लागला. स्टिरिओच्या सेटिंगमध्ये इशाऱ्यांचा आवाज वेगळा असतो, तो सगळ्यात खाली आणला. नॉब खाली असताना तो बीप अगदीच बारीक येतो, तेवढं सोसायचं.

आणि बायको डावीकडे बसते. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "सगळं माझ्याच दारातून वाजतंय की रे." खरंच आहे, उजव्या सीटसाठी लावलेला उशीर डाव्या सीटला मारक ठरतो. प्रोसेसरमध्ये दुसरा प्रीसेट (सेटिंगचा जतन केलेला संच) करून घेतला, ज्यात उशीर काढून टाकलाय आणि दोन्ही बाजूंची पातळी सारखी ठेवलीय. नॉब दाबला की प्रीसेट बदलतो. गाडीत ती असली की बसल्या बसल्या आधी तोच दाबते.