अ‍ॅव्होकाडो टोस्ट जमतो कसा, बिघडतो कुठे

टोस्ट बिघडतो तो बहुतेकदा फळ कापण्याआधीच. अ‍ॅव्होकाडो झाडावर मऊ होत नाही, तोडल्यावर पिकतो. म्हणून कडक फळ फ्रीजबाहेरच ठेवा. थंडीत त्याचं पिकणं अडतं. घाई असेल तर कागदी पिशवीत पिकल्या केळ्यासोबत ठेवा, केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ते लवकर पिकतं. देठाजवळ हलकं दाबून पाहा. पोटाशी दाबलं तर आतला गर तिथे काळा पडतो. हास जातीची साल पिकताना काळपट होते, पण कित्येक जाती हिरव्याच राहतात, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नका.

ब्रेडचा काप दीड सेंटिमीटर जाड हवा. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू तांबूस, कडक भाजा आणि मिनिटभर जाळीवर ठेवा. गरम काप थेट ताटलीत ठेवला तर वाफ अडकून खालची बाजू ओली होते. या पदार्थाची सारी गंमत कुरकुरीत ब्रेड आणि लोण्यासारखा गर यांच्या जोडीत आहे, त्यामुळे इथे आळस नको.

एका टोस्टला मध्यम फळाचा अर्धा भाग, म्हणजे साधारण 70 ग्रॅम गर पुरतो. काट्याने भरड कुस्करा, दोन चिमूट मीठ आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घाला. गरात सोडियम नावापुरतं, साखर 100 ग्रॅमला एक ग्रॅमहूनही कमी. मीठ टाळलं तर चव सपकच लागणार. लिंबाचा आंबटपणा स्निग्धता तोडतो आणि गर काळा पडणंही लांबवतो. गर शिजवू मात्र नका, कडवटपणा येतो.

100 ग्रॅम गरात सुमारे 160 कॅलरी, 15 ग्रॅम स्निग्धांश (त्यातले 10 ग्रॅम एकअसंतृप्त, म्हणजे ऑलिव्ह तेलातल्यासारखे), 7 ग्रॅम तंतू आणि 485 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. लोण्याऐवजी हा गर लावला तर फायदा खरा. लोण्यावर आणखी थर दिला तर नुसत्या कॅलरी वाढतात. प्रथिनं जेमतेम 2 ग्रॅम, म्हणून न्याहारीला वर एक उकडलेलं अंडं हवंच, त्यातून 6 ग्रॅम मिळतात. टोमॅटोच्या चकत्याही ठेवा: त्यातलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य स्निग्धांशासोबत जास्त शोषलं जातं.

उरलेल्या अर्ध्या भागात बी ठेवल्याने फक्त बीखालचा गर वाचतो. कापलेल्या भागाला लिंबू चोळा, वरून प्लास्टिकचा कागद अगदी चिकटवून लावा आणि फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.