बाटली आपापली

न्यू जर्सीत शुक्रवारी संध्याकाळी कागदी पिशवीत बाटली घालून लगबगीनं चाललेला गृहस्थ दिसला, तर त्याच्याविषयी लगेच वाईट मत करून घेऊ नये. तो बहुधा बायकामुलांसह जेवायला निघालेला असतो. इथल्या १९४७च्या कायद्याप्रमाणे गावात साधारण दर ३,००० वस्तीमागे हॉटेलात दारू देण्याचा एकच परवाना मिळतो. असा परवाना विकत घ्यायचा तर बऱ्याच गावांत काही लाख डॉलर मोजावे लागतात. घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या इटालियन हॉटेलाला ते कुठून झेपणार? म्हणून वाइन गिऱ्हाइकानंच आणायची. ते पेले देतात, बूच काढून देतात, आणि त्याचे पैसे घ्यायला कायद्यानंच मनाई आहे. मला ही सोय फार आवडते. बिलातला सगळ्यात जड आकडा आधीच घरी राहिलेला असतो.

आमच्या कोपऱ्यावरचं हॉटेल लॉन्ड्री आणि न्हाव्याचं दुकान यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेलं आहे. मोजकी टेबलं, त्यांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांची कापडं, प्रत्येकावर लाल मिरचीच्या भरडीची बाटली. (ही बाटली आमची माणसं पहिल्यांदा हातात घेतात, मेन्यू नंतर.) भिंतीवर पोप आणि फ्रँक सिनात्रा शेजारीशेजारी. सिनात्रा १९१५ साली होबोकेनला जन्मला, म्हणजे इथलाच. गेल्या काही वर्षांत पोपची तसबीर बदलली, सिनात्राची नाही.

गल्ल्यावर आजी, आत मुलगा, टेबलांवर सून. नात मागच्या टेबलावर गणितं सोडवता सोडवता मध्येच उठून पाण्याचे ग्लास भरते. सूनबाईंचं आणि नवऱ्याचं काही बिनसलं असेल, तर ते पदार्थ किती जोरात टेबलावर येतो यावरून कळतं. चव मात्र त्या दिवशीही बिघडत नाही.

रोमहून आलेला एक सहकारी एकदा इथे जेवला आणि शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. पास्ता आधी आणि वेगळा यायला हवा, कोंबडीच्या शेजारी त्याचा ढीग कसला लावता? आणि ‘चिकन पार्म’ हा पदार्थ इटलीत आहेच कुठे? त्याचं बरोबर होतं. पण १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, ते बहुतेक दक्षिणेतले गरीब शेतकरी-मजूर होते. गावाकडे मांस सणासुदीला ताटात पडलं तर पडलं. इथे कारखान्यातल्या पगारात ते रोज परवडू लागलं. मग वांग्याचे काप तळून, त्यांवर टोमॅटोचा सॉस आणि चीज घालून भट्टीत भाजायचे, त्या जागी कोंबडी गेली आणि चिकन पार्म झालं. मांसाचे गोळे फुगत गेले आणि शेवयांवर बसले. पहिल्यांदा पोटभर जेवलेल्या माणसांचा हा स्वयंपाक आहे. तो इटलीतल्यासारखा नाही म्हणून नाक मुरडायला मी तरी धजत नाही. आमच्या घरी पाडव्याचं श्रीखंड ग्रीक योगर्टचं असतं आणि वडापावातला पाव बटाटा घातलेला, गोडसर अमेरिकन असतो. मुलांना तोच खरा वाटतो.

सासूबाई साताऱ्याहून आल्या तेव्हा त्यांनाही तिथे नेलं. पक्क्या शाकाहारी. मेन्यूतलं ‘पेने आला वोडका’ मी वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “अगं, बाटली आपण बाहेरून आणायची आणि हे परत भाजीत घालणार?” सॉसमधली वोडका बरीचशी उडून जाते, असं मी समजावलं. “उडून जाते तर घालतात कशाला?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. किसलेल्या पार्मिजानो चीजची वाटीही त्यांच्यापुढून उचलावी लागली, कारण अस्सल पार्मिजानोचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनंच फाडतात. मॉझरेलाचं काय, म्हणून सूनबाईंना विचारलं. त्यांनी आत जाऊन पुडक्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि त्यातलं रेनेट वनस्पतीजन्य आहे अशी ग्वाही दिली. शेवटी वांग्याचं पार्मिजाना, म्हणजे तेच भट्टीतले काप, ठरलं, वरून किसलेलं चीज न घालता.

ते आलं, आईंनी सुरीनं थर उचलून खाली वाकून पाहिलं आणि चवीनं संपवलं. मग म्हणाल्या, “विचार त्यांना, वांगं तेलकट कसं नाही झालं.” आजी गल्ला सोडून आल्या. नात इटालियनमधून इंग्रजीत, मी इंग्रजीतून मराठीत, असा निरोप फिरू लागला. काप करायचे, मीठ लावून अर्धा तास ठेवायचे, सुटलेलं पाणी पिळून टाकायचं, मग तळायचं.

“पाणी काढायचं?” आईंना ते अजिबात पटलं नाही. “वांगं चिरलं की पाण्यात टाकायचं असतं. काळं पडत नाही.”

हे आजींना पोचलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. दोघीही आपापल्या जागी ठाम. आजूबाजूची दोन टेबलं जेवण थांबवून ऐकत होती. आजींनी नातीला आत पिटाळलं आणि एक कच्चं वांगं मागवलं. आईंनी ते दोन्ही हातांत तोलून पाहिलं.

“हे वांगं होय?” त्या म्हणाल्या. “हा तर दुधी आहे. मग काढा बाई पाणी, तुमचं बरोबर आहे.”