आमची वाटचाल: परड्यातल्या कोनफळापासून

आमच्या परड्यातल्या फणसावर कोनफळाचा, म्हणजे जमिनीखाली जांभळा कंद धरणारा, वेल आहे तो आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लग्नाआधीपासूनचा. पौषात पानं पिवळी पडून वाळतो आणि वळवाचे दोन पाऊस झाले की त्याच जागी पुन्हा फुटतो. जुना कंद नव्या वेलाला पोसता पोसता आतल्या आत सुकून जातो, शेजारी नवा भरतो. मी बेळगाव शहरातून खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला सून होऊन आले तोवर जांभळा कंद कापलेला पाहिलाच नव्हता. पहिल्यांदा किसायला बसले तेव्हा कोपरापर्यंत खाज सुटली. आत्याबाईंनी हाताला खोबरेल चोळलं आणि म्हणाल्या, "पोरी, तेल लावल्याबिगर कंदाला हात घालायचा नाही." उकडला की खाज जाते. जिरं, हिरवी मिरची, खोबरं घालून त्या दिवशी केलेला उपवासाचा कीस मी ताट पुसून खाल्ला.

धंदा म्हणून सुरुवात झाली त्याला नऊ वर्षं झाली. घरच्या आणि भावकीतल्या वेलांचे मिळून चार पोती कंद निघाले. आम्ही दोघं ते पिकअपमधून बेळगावच्या बाजारात घेऊन गेलो. त्याआधी मी ते घासून स्वच्छ धुतले होते, चांगले दिसावेत म्हणून. ती माझी मोठी चूक. ओल राहिली, खणताना पहार लागलेल्या जागांतून बुरशी शिरली आणि आठवड्यात निम्मा माल गेला. आता कंद मातीसकट सावलीत पसरतो, जखमेवर चुलीची राख लावतो आणि धुणं गिऱ्हाइकाच्या घरी. असे कंद उन्हाळ्यापर्यंत नीट राहतात.

दुसऱ्या वर्षी गुजराती जेवणाचं कंत्राट घेणाऱ्या एका केटररचा पुण्याहून फोन आला, "दोन क्विंटल रतालू पाठवा." आमचा तालुका रताळ्यांचा. ह्यांनी शेजारच्या गावातून उत्तम लाल रताळी गोळा करून पाठवली आणि सगळी परत आली. गुजरातीत रतालू म्हणजे आपलं कोनफळ, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. संक्रांतीला त्यांच्याकडे उंधियूत हाच कंद लागतो, सुरतेकडे त्याच्या चकत्यांची भजी करून रतालूपुरी म्हणतात. भाड्याचे पैसे बुडाले, पण बाजार कुठं आहे तो कळला. कोनफळ मार्गशीर्ष-पौषात निघतं, म्हणजे नेमकं संक्रांतीच्या तोंडावर. तेव्हापासून आमच्या पिशवीवर कोनफळ, रतालू, कंद आणि कन्नडमध्ये हेग्गेणसू अशी चारही नावं छापलेली असतात. आमच्याकडे एका घरात दोन भाषा बोलल्या जातात, तेव्हा कन्नड नाव टाकायला मला कुणी सांगावं लागलं नाही.

मागणी वाढल्यावर खरी अडचण आली ती बियाण्याची. या पिकाला बी पेरत नाहीत, कंदाचाच तुकडा लावायचा, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. त्यातही देठाकडचा भाग, ज्याला आम्ही डोकं म्हणतो, तो लवकर फुटतो. मधले आणि खालचे तुकडे मागाहून. विकायच्या नादात आम्ही एका वर्षी डोकीसुद्धा विकली आणि रोहिणीला खड्डे तयार असून लावायला काही नव्हतं. आत्याबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डोकं ठेव, पोट वीक." आजही माल काढला की आधी डोकी माळ्यावर जातात, नंतर वजनकाटा.

खड्डा दोन फूट खोल, त्यात पाला, शेण आणि मोकळी माती, वर उंचवटा. आमच्याकडे पाऊस मुसळधार पडतो, उंचवटा नसेल तर कंद कुजतो. जांभ्याची माती भुसभुशीत केली नाही तर कंद वाकडातिकडा होऊन फुटतो आणि काढताना तुटतो. आधाराला बांबू किंवा झाड. रानडुकरं आणि साळिंदर मात्र दरवर्षी आपला वाटा नेतातच, म्हणून आता घराजवळच लावतो.

केरळात श्रीकार्यम इथं १९६३ पासून कंद पिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या श्री कीर्तीसारख्या सुधारित जाती मी वाचून आहे, पण आमच्या गिऱ्हाइकाला जांभळाच गर हवा, म्हणून आमचं परड्यातलं वाण सोडलेलं नाही. तो जांभळा रंग लिंबू पिळलं की गुलाबी होतो आणि सोडा पडला की निळसर-हिरवा. चिप्सच्या पहिल्या घाण्यात कुणीतरी सोडा घातला होता, सगळा घाणा मळकट दिसला. आता फक्त मीठ.

एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. कोनफळाचं खोड चौकोनी असतं, चारही कडांना पापुद्र्यासारख्या पट्ट्या. करांदा हा त्याच्याच जातकुळीतला दुसरा वेल, त्याचं खोड गोल असतं आणि त्याचे कंद वेलावर पानांच्या बेचक्यात लागतात. रानातले काही कडू करांदे न भिजवता, न उकडता खाल्ले तर बाधतात. ओळख पटल्याशिवाय रानातला कंद घरी आणू नये. पलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्याचे कुणबी हिवाळ्यात कंदांचा मेळा भरवतात, तिथल्या बायकांना ही ओळख पाठ आहे. त्यांच्याकडून मी अजून शिकते.

यंदा आमच्याबरोबर सतरा घरं लावतात. बियाणं आम्ही विकत देत नाही. एक डोकं न्यायचं, पुढच्या वर्षी एक डोकं आणि एक मधला तुकडा परत करायचा. हिशेबाची वही आत्याबाईंकडे असते. परवा त्यांनी माळ्यावरची डोकी खाली काढून मोजली, दोनशे बारा भरली. नवीन लग्न होऊन आलेल्या एका मुलीला त्यांनी त्यातली तीन दिली, आणि तिच्या तळहातावर आधी खोबरेल ओतलं.