‘कंडिशन एकदम ओके’: पुण्यात घेतलं, विकलं आणि भाड्यानं राहिले

पुण्यात आल्यावर मी वाचलेली पहिली जाहिरात सदाशिव पेठेतल्या विजेच्या खांबावर होती. ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा. घरगुती वातावरण. पाणी २४ तास. एजंटांनी फोन करू नये.’ खाली फोन नंबरच्या उभ्या पट्ट्या कापलेल्या, त्यातल्या दोनच फाडून नेलेल्या. साल २०१८, जून महिना. मी उदगीरहून आले होते, एम.ए.ला प्रवेश आणि जोडीला एमपीएससी. बाबा सोबत होते. त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, “घरगुती वातावरण म्हणजे बरं असणार.”

घरगुती वातावरण म्हणजे काय ते घरमालकीण काकूंनी पाच मिनिटांत सांगितलं. “साडेनऊला दार बंद. नंतर बेल वाजवायची नाही. वाजवली तरी वाजत नाही.” खोलीत चार कॉट, चार लोखंडी कपाटं, एक खिडकी. भाडं खोलीचं नव्हे, कॉटचं: महिना २,८०० रुपये आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. पाणी खरंच चोवीस तास होतं, फक्त ते सकाळी सातच्या आत भरून ठेवायचं होतं. पावती नाही, करार नाही. एका वहीत माझं नाव, गाव आणि बाबांचा नंबर. त्या वहीत माझ्या आधी किती मुलींची नावं होती ते मी मोजायचा प्रयत्न केला, पण काकूंनी पान उलटलं.

सामान जमवायला फार अक्कल लागली नाही. पुण्यात दर मे-जूनमध्ये कुणीतरी पास होऊन, नापास होऊन किंवा कंटाळून गावी निघालेलं असतंच. टेबल, गादी, इंडक्शन शेगडी, सगळं अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डावर मिळालं. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून एक टेबल फॅन आणला. तो वर्षभर चालला, फक्त चालू करताना हातानं एक धक्का द्यावा लागायचा.

स्कूटी मात्र मोठी खरेदी. ऑक्टोबर २०१९मध्ये मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘एमएच-१२, फर्स्ट ओनर, कंडिशन एकदम ओके, अर्जंट सेल, २५,०००’. विकणारा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. मी मैत्रिणीला घेऊन गेले. तिला गाड्यांतलं कळायचं, म्हणजे तिच्या भावाचं गॅरेज होतं. तिनं गाडी थंड असताना सेल्फ मारून बघितला, टायरमध्ये नखं रुतवली आणि तीन हजार कमी करून घेतले. २२,०००. आम्हाला वाटलं जिंकलो.

आरसी बुक बघितलं तेव्हा कळलं की फर्स्ट ओनर हा मुलगा नाहीच. नाव होतं नाशिकला राहायला गेलेल्या एका सरांचं. मुलानं दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडून गाडी घेतली आणि नावावर केलीच नाही. “ताई, सरांच्या सह्या केलेले फॉर्म आहेत ना माझ्याकडे. २९ आणि ३०. तुम्ही फक्त आरटीओत द्यायचे.” फॉर्म २९ म्हणजे मालकानं दिलेली विक्रीची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे गाडी नावावर करायचा अर्ज. दोन्ही कोरे, खाली फक्त सह्या. कायद्यानं विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्या मुलाला माहीत असून उपयोग नव्हता. मी फॉर्म प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातले. फोल्डर कपाटात. परीक्षा झाल्यावर बघू.

मग मार्च २०२० आला. आम्ही चौघी दोन दिवसांत गावी निघालो, सामान तिथंच. काकूंनी तीन महिने भाडं मागितलं, मग स्वतःच निम्मं केलं, मग ‘कॉट अडवून ठेवू नका’ म्हणाल्या. इथे माझी डिपॉझिटची पहिली शाळा झाली. ५,६०० रुपये दिल्याचा माझ्याकडे कसलाच कागद नव्हता. काकूंनी ते भाड्यात वळते केले. हिशेब बरोबर होता की नाही हे आजही सांगता येणार नाही.

२०२१च्या सुरुवातीला परत आलो ते तिघी मिळून फ्लॅट घ्यायचं ठरवून. फ्लॅट शोधण्याचे पंधरा दिवस म्हणजे फोटोंचा खेळ. एकच पांढरा सोफा आणि त्याच्या मागचा तोच निळा पडदा मला नारायण पेठेत, कर्वेनगरला आणि कोथरूडला, तिन्ही जाहिरातींत दिसला. तिघांचीही भाषा एकच: ‘मी सध्या पुण्याबाहेर आहे, सोसायटीचा गेट पास काढायला २,१०० भरा, ते भाड्यातून वजा होतील.’ फ्लॅट बघायला पैसे लागतात असं म्हणणारा माणूस फ्लॅटवाला नसतो, एवढं तरी तोपर्यंत कळलं होतं. शेवटी नवी पेठेतला वन बीएचके मिळाला तो मेसवाल्या मावशींच्या ओळखीनं. भाडं १५,०००, डिपॉझिट ४५,०००.

मालक म्हणाले, “नोटरी करून घेऊ. पाचशेत काम होतं.” मी हो म्हणणारच होते, पण तिघींतली एक एलएलबीची. तिनं आवाज न चढवता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काढला. कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. हे शेवटचं वाक्य ऐकून मालकांनी चष्मा काढून पुसला. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज माझाही होता. एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही असं १९०८चा नोंदणी कायदा सांगतो, तिथून तो आलाय. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही करार नोंदवावाच लागतो. अकराचा आकडा मात्र राहिलाय तो राहिलाच.

आणि खर्च बघा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, एवढ्यावर. आमचा हिशेब सव्वाचारशेच्या आसपास आला. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. बाकी जे गेलं ते एजंटच्या हाताचं. पंधरा हजारांच्या भाड्यात हे वाचवायला जाणारे लोक नंतर पंचेचाळीस हजारांसाठी भांडतात.

एजंट मुलगा घरी आला, लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. आमचे तिघींचे अंगठे लगेच उठले. मालकांचा उठेना. वय सत्तरीचं, अंगठ्यावरच्या रेषा पुसट. मुलानं आधी ओल्या फडक्यानं पुसायला लावलं, मग केसांतून फिरवायला सांगितलं. “काका, डोक्याला तेल लावता ना? फिरवा.” काका टक्कल असलेले. मग त्यांच्या सूनबाईंनी स्वयंपाकघरातून खोबरेल आणलं आणि सहाव्या प्रयत्नाला हिरवी खूण आली. सगळ्यांनी मिळून चहा घेतला. त्याच संध्याकाळी एलएलबीवालीनं घरभर फिरून व्हिडिओ काढला: भिंतीवरचे खिळे, बेसिनची चीर, खिडकीची तुटकी काच. तो मालकांना व्हॉट्सॲप केला आणि खाली लिहिलं, ‘काका, आजची स्थिती.’ काकांनी अंगठा पाठवला. तोही उठला.

जून २०२१च्या पहिल्या मोठ्या पावसात मला स्कूटीचा खरा स्वभाव कळला. अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला उभी असताना हॉर्न आपोआप वाजायला लागला. बटण दाबलेलं नाही, काही नाही, सलग. पुढच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं, मागच्यानंही. मी पेरूगेटपर्यंत तशीच वाजत गेले.

त्याच महिन्यात मला स्कूटी विकणाऱ्या त्या मुलाचा फोन आला. “ताई, सर फार चिडलेत.” गाडी त्यांच्या नावावर, त्यामुळे मी हेल्मेट न घालता कॅमेऱ्यात सापडले की ई-चलन जायचं नाशिकला, त्यांच्या मोबाइलवर. तीन चलनं झाली होती. चलन तर किरकोळ. माझ्या हातून अपघात झाला असता तर भरपाईच्या दाव्यात नोंदणीवर नाव असलेला मालक म्हणून तेच अडकले असते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये हे स्पष्ट केलंय. मी सरांना फोन लावला. आधी दहा मिनिटं बोलणी खाल्ली, आणि ती रास्तच होती.

मग संगम पुलाजवळचं आरटीओ. परिवहनच्या साइटवर अर्ज, फी, विमा, पीयूसी, फॉर्म. कोऱ्या सह्यांचा काही उपयोग झाला नाही. सह्या फिकट झाल्या होत्या आणि सरांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी कोऱ्या कागदावर येत नाही. सरांनी नवे फॉर्म कुरिअरनं पाठवले आणि ओटीपी फोनवर सांगितला, तोही “हेल्मेट घ्या आधी” असं म्हणून. आधार कार्डावर माझा पत्ता उदगीरचा. पुण्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणून काय चाललं? तोच नोंदवलेला भाडेकरार. एलएलबीवालीनं त्यावर मला दोन दिवस ऐकवलं. पाच आठवड्यांनी नवं आरसी पोस्टानं घरी आलं. विमाही नावावर करावा लागतो, चौदा दिवसांत, हे मात्र मी वेळेत केलं.

२०२३च्या मे महिन्यात माझी निघायची वेळ आली. परीक्षेचं काय झालं ते सोडा. आता जाहिरात मी लिहिणार होते.

पुस्तकं सगळ्यात आधी गेली आणि अपेक्षेपेक्षा चांगल्या भावात. त्याचं श्रेय आंदोलनाला. २०२२मध्ये आयोगानं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं जाहीर केलं, तेव्हा जुन्या पॅटर्नच्या नोट्स लोक किलोवर द्यायला निघाले होते. फेब्रुवारी २०२३मध्ये पोरं पुण्यात रस्त्यावर बसली, नवा पॅटर्न २०२५पर्यंत पुढे गेला आणि बहुपर्यायी प्रश्नांच्या पुस्तकांना परत भाव आला. माझ्या हायलाइटर मारलेल्या गठ्ठ्याचे २,३०० आले. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत त्याचे हजारही मिळाले नसते.

टेबलाची गोष्ट सांगायला लाज वाटते. जाहिरात टाकली, १,५०० रुपये. दहा मिनिटांत फोन. हिंदीत, फार अदबीनं. सैन्यात आहे, खडकीला बदली झालीय, सामान घ्यायला जवान येईल, पैसे आत्ताच पाठवतो. ओळखपत्राचा फोटोही आला. घासाघीस अजिबात नाही. दीड हजाराच्या जुन्या टेबलावर एक रुपया कमी न करणारा माणूस पुण्यात कुठून येणार, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. त्यानं आधी पाच रुपये पाठवले, ते आले. मग क्यूआर कोड. “मॅडम, स्कॅन करके पिन डालिए, पैसा आ जाएगा.” मी स्कॅन केला, पिन टाकला. पैसे गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः आईला शिकवलंय. तो म्हणाला गलती झाली, परत स्कॅन करा, दोन्ही रक्कम एकदम येईल. तेव्हा हात थांबला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पैसे आले नाहीत. टेबल शेवटी मेसच्या मावशींना तसंच दिलं.

डिपॉझिटमधून काकांनी रंगाचे ७,००० कापायचं म्हटलं. आम्ही करारातलं ‘नैसर्गिक झीज वगळून’ हे वाक्य आणि २०२१चा व्हिडिओ दाखवला. काकांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, बेसिनच्या चिरेपाशी थांबवून परत बघितला. तीन हजारांवर तोडगा निघाला, कारण व्हिडिओत नसलेले काही खिळे आम्हीच ठोकले होते.

राहिली स्कूटी. जाहिरात लिहायला बसले आणि बोटांनी आपोआप टाइप केलं: ‘कंडिशन एकदम ओके.’ ‘सेकंड ओनर’ मात्र खरं लिहिलं. अकलूजची मुलगी आली, फार्मसीच्या पहिल्या वर्षाची, सोबत मामा. मामांनी टायरमध्ये नखं रुतवली. १६,०००. मी अट घातली: अर्ध्या पैशांवर फॉर्म भरायचे, दोघींचे ओटीपी, अर्जाची पावती, मगच चावी. ताबा पावतीवर तारीखच नाही तर वेळही लिहिली, दुपारचे ४.२०, म्हणजे ४.२१चं चलन कुणाचं यावर वाद नको. मामा म्हणाले, “तुम्ही वकील का?” मी म्हटलं, नाही, रूममेट होती.

नाव बदलल्याचा मेसेज मला उदगीरला आला, जूनच्या अखेरीस. बाबांना दाखवला. दोनच दिवसांनी त्या मुलीचा फोन, मागे पावसाचा आवाज आणि त्याहून मोठा दुसरा आवाज.

“ताई, हॉर्न बंदच होईना! जाहिरातीत नव्हतं हे.”

“मला विकतानाही नव्हतं गं,” मी म्हटलं. “डाव्या बटणावर प्लॅस्टिकची पिशवी बांध, वर रबर लाव. मेडिकलवाल्याची छोटी पिशवी बरोबर बसते.”