मेम्फिस : कचऱ्याची गाडी आणि सोमवारचा सामना

अमेरिकेतल्या मेम्फिसला मी बास्केटबॉलसाठी गेले. दादा-वहिनी नॅशव्हिलला राहतात. तिथून इंटरस्टेट 40 धरली की साडेतीन तासांत मेम्फिस येतं. दादाला एल्व्हिस प्रेस्लीचं घर बघायचं होतं, वहिनीला मिसिसिपी नदी, आणि मला ग्रिझलीज, म्हणजे मेम्फिसचा बास्केटबॉल संघ. जानेवारीतला तिसरा सोमवार हा मार्टिन ल्यूथर किंग दिन. त्या दिवशी बहुतेक वर्षी मेम्फिसच्या घरच्या मैदानावर सामना ठेवण्याची एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, जुनी पद्धत आहे. 2024 चा सामना गोल्डन स्टेट वॉरियर्सशी होता आणि तिकिटं मी पुण्यात असतानाच काढून ठेवली होती.

लेकर्स, बुल्स सोडून ग्रिझलीज का, असं मला नेहमी विचारतात. 2013 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, सकाळी सात वाजता चहा घेऊन टीव्हीसमोर बसले आणि हा संघ दिसला. झॅक रॅन्डॉल्फ, मार्क गॅसॉल, माइक कॉन्ली, टोनी ॲलन. डोळे दिपवणाऱ्या उड्या नाहीत, नखरे नाहीत. बास्केटखाली पाय रोवून उभं राहायचं आणि समोरच्याला एकेका गुणासाठी घाम गाळायला लावायचा. आमच्या नागपूरच्या शाळेतल्या सिमेंटच्या कोर्टवर सर आम्हाला असंच खेळायला शिकवायचे. त्या वर्षी त्यांनी क्लिपर्सना हरवलं, थंडरना हरवलं आणि वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत सॅन अँटोनियोकडून 4-0 असा मार खाल्ला. मी तेव्हापासून त्यांची आहे. हा संघ मुळात कॅनडातल्या व्हँकूव्हरचा, 2001 मध्ये मेम्फिसला आला. मोठ्या शहरांच्या संघांसारखा पैसा आणि प्रसिद्धी त्याच्या वाट्याला कधी आली नाही. पण टोनी ॲलनने 2011 मध्ये एका मुलाखतीत बोललेलं ‘ग्रिट, ग्राइंड’ या गावाने असं उचललं की आजही टी-शर्टांवर तेच दिसतं.

2017-18 च्या हंगामात ग्रिझलीजने एक वेगळी जर्सी घातली होती. पांढरी, त्यावर ठसठशीत काळी अक्षरं, बाकी काही नाही. 1968 च्या सफाई कामगारांच्या संपातल्या फलकांवरून ती घेतली होती. टीव्हीवर बघताना एवढी माहिती कानावर पडली होती. तो संप म्हणजे काय, हे मात्र मेम्फिसमध्ये पोचल्यावर दिसलं, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्याचसाठी.

बाकीचं शहर भरभर सांगते. एल्व्हिसचं घर दादाला फार आवडलं, मला त्यातली हिरव्या गालिच्याची जंगल रूम तेवढी आठवते. सन स्टुडिओची खोली आपल्या हॉलपेक्षा मोठी नसेल, आणि तिथून रॉक अँड रोल बाहेर पडलं यावर विश्वास बसत नाही. पीबॉडी हॉटेलची बदकं रोज अकरा वाजता लिफ्टने खाली येतात आणि लाल गालिच्यावरून कारंज्याकडे चालत जातात. वहिनीने तिथे लहान मुलांना मागे टाकून पुढची जागा पटकावली. नदीकाठी काचेचा एक प्रचंड पिरॅमिड आहे. ग्रिझलीज 2004 पर्यंत त्यातच खेळायचे. आता तिथे मासेमारी आणि शिकारीच्या सामानाचं दुकान आहे, आत तळी आणि झाडं आहेत, वर हॉटेल आहे. लिफ्टने टोकावर गेलं की मिसिसिपीचं रुंद, मातकट पात्र आणि पलीकडचं आर्कान्सा दिसतं. नदी बघायची तर तिथूनच. आमच्या हॉटेलचं नाव घेत नाही, पण बाहेर पाणी गोठत असताना खोलीतला हीटर बंद आणि काउंटरवर कोणी नाही, हे दोनदा झालं. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. थंडीत या गावात जाणार असाल तर खोलीत शिरल्यावर बॅग उघडायच्या आधी हीटर लावून बघा.

शनिवारी आम्ही नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियममध्ये गेलो. काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचं हे म्युझियम लॉरेन मोटेलमध्ये आहे. 4 एप्रिल 1968 च्या संध्याकाळी 6 वाजून 1 मिनिटाने 306 नंबरच्या खोलीबाहेर, याच मोटेलच्या सज्जात किंग यांना गोळी लागली. मोटेलची निळसर दारं, बाहेरची जुन्या वळणाची पाटी, सज्जाच्या कठड्यावरचं पांढरं पुष्पचक्र आणि खाली उभ्या दोन जुन्या गाड्या, सगळं तसंच ठेवलं आहे. आत गुलामांच्या व्यापारापासून सुरुवात होते, मग गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्सची बस, जेवणाच्या काउंटरवरची विद्यार्थ्यांची धरणी. आपल्याकडच्या पुष्कळ संग्रहालयांत काचेमागे वस्तू आणि खाली धुळकट पाटी असते. इथे माणसं, आवाज आणि आदेश आहेत. बसमध्ये बसलं की ड्रायव्हर मागे जायला सांगतो, आणि तो आवाज अंगावर येतो.

मग एका दालनात कचऱ्याची गाडी उभी आहे.

1 फेब्रुवारी 1968 ला मेम्फिसमध्ये मुसळधार पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार आडोशासाठी गाडीच्या मागच्या भागात शिरले, जिथे कचरा दाबला जातो. यंत्रात बिघाड होता. ते अचानक सुरू झालं आणि दोघं त्यात चिरडून मेले. गाडी जुनी आहे, धोकादायक आहे, हे कामगार आधीपासून सांगत होते. शहराने दोन्ही कुटुंबांना महिन्याचा पगार आणि अंत्यसंस्कारासाठी 500 डॉलर दिले. त्याच आठवड्यात पावसामुळे काळ्या कामगारांना बिनपगारी घरी पाठवलं होतं, गोऱ्या मुकादमांचा पगार मात्र चालू होता. 12 फेब्रुवारीला सुमारे 1,300 कामगार कामावर गेले नाहीत. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरवला आणि युनियनला मान्यता द्यायला नकार दिला. पूर्ण वेळ राबूनही यातल्या अनेकांचा पगार इतका कमी होता की घर चालवायला सरकारी मदत घ्यावी लागे.

गाडीसमोर फलक धरलेल्या माणसांची रांग आहे. फलकांवर ‘आय ॲम अ मॅन’, मी माणूस आहे. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठसठशीत काळी अक्षरं.

मी जर्सी ओळखली. दादा माझ्याकडे बघत होता, कारण मी तिथून हलत नव्हते. “काय झालं?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “दादा, रॅन्डॉल्फ गेल्यावरच्या वर्षी यांनी हेच घातलं होतं.” त्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. पण तो गाडीच्या मागच्या तोंडाकडे बघत म्हणाला, “आपल्या गल्लीतले बाबुराव आठवतात तुला? आई त्यांना पाणी वरून ओतायची.” मला आठवत होतं. आम्ही पुढच्या खोलीत गेलो, तिथे किंग यांची 306 नंबरची खोली आहे, विस्कटलेला पलंग, कपबशा. तिथे सगळे जण थांबतात, फोटो काढतात. आमचं मन गाडीपाशीच राहिलं होतं.

किंग मेम्फिसला आले होते ते या कामगारांसाठी. 28 मार्चला त्यांनी नेलेला मोर्चा क्लेबॉर्न टेंपल या चर्चपासून निघाला, बील स्ट्रीटवर पोचला आणि तिथे दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर झाला. लॅरी पेन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. नॅशनल गार्ड हे राखीव सैन्य रस्त्यावर उतरलं. दुसऱ्या दिवशी कामगार पुन्हा फलक घेऊन निघाले आणि संगिनींच्या रांगेसमोरून चालत गेले. किंग यांच्या खुनानंतर, 16 एप्रिलला, शहराने युनियन मान्य केली आणि पगार वाढवले.

आता अंतरं सांगते, कारण नकाशावर बघेपर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. क्लेबॉर्न टेंपल आणि ग्रिझलीजचं घरचं मैदान फेडेक्सफोरम यांत जेमतेम एका चौकाचं अंतर आहे. बील स्ट्रीट फेडेक्सफोरमला लागून आहे. म्हणजे सामन्याला जाणारी गर्दी 28 मार्चच्या मोर्चाच्या जमिनीवरूनच जाते. बील स्ट्रीटवर निऑनच्या पाट्या, ब्लूजचे बार आणि प्लॅस्टिकच्या उंच ग्लासातली बिअर. संगीत अप्रतिम आहे, पण शनिवारी रात्री इतकी रेटारेटी होती की दहा मिनिटांत मला बाहेर पडावंसं वाटलं. तिथे येणाऱ्या हजारो लोकांपैकी चौकभर चालत क्लेबॉर्न टेंपलकडे जाणारे फार थोडे. आम्ही रविवारी सकाळी गेलो तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. 1892 सालची दगडी इमारत, भोवती कुंपण, जीर्णोद्धाराचं काम चालू. संपातले फलक याच चर्चमध्ये छापले गेले. शेजारच्या चौकात तीच चार शब्दांची ओळ माणसापेक्षा उंच अक्षरांत उभी केली आहे आणि भिंतीवर संपकऱ्यांची नावं कोरली आहेत. वहिनी हातमोजे काढून नावं वाचत होती.

रविवारी रात्री बर्फ सुरू झाला. सोमवारी शहर पांढरं आणि ठप्प. दक्षिणेतल्या या गावांना बर्फाची सवय नाही. रस्ते साफ करायला गाड्या कमी, दुकानं बंद. सामना होणार की नाही, या काळजीने मी दुपारपर्यंत फोन सोडला नाही. सामना झाला. हॉटेलपासून आम्ही बर्फ तुडवत चालत गेलो.

संघाची अवस्था वाईट होती. संघाचा मुख्य खेळाडू जा मोरँट (Ja Morant) याचा खांदा आठवड्यापूर्वीच कामातून गेला होता आणि त्याचा हंगाम तिथेच संपला होता. डेसमंड बेन आणि मार्कस स्मार्टही जायबंदी. समोर वॉरियर्सचा स्टीफन करी, आणि निलंबन संपवून त्याच दिवशी परतलेला ड्रेमंड ग्रीन. एवढ्या लांबून येऊन हरणं बघायची तयारी मी केली होती.

शेजारच्या खुर्चीवर साठी ओलांडलेले एक काळे गृहस्थ होते. अंगात तीच पांढरी जर्सी, स्वेटरवरून चढवलेली. माझे हात थरथरताना बघून त्यांनी खिशातून हात गरम ठेवायच्या दोन पुड्या काढून दिल्या आणि कुठून आलात विचारलं. भारतातून, आणि ग्रिझलीजसाठी, हे ऐकून त्यांनी मागच्या रांगेतल्या लोकांना वळून सांगितलं. पुढचा सगळा वेळ मला कोणी ना कोणी पॉपकॉर्न देत होतं. मी जर्सीबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्यांचे काका 1968 मध्ये कचरा उचलायचे. घरोघरच्या परसातून टब डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत आणायचे, टबाला भोकं असायची, घाण अंगावर गळायची. काका घरात शिरण्याआधी मागच्या दारी कपडे काढायचे. हे गृहस्थ तेव्हा लहान होते, घरातली पोरं नाक दाबायची. “काकांनी संप केला तेव्हा मला कळलं की त्यांनाही तो वास यायचा,” ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे हे काम कोण करतं?”

मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं आहे. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे आणि तरी माणसं गटारांत, सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मरतात. किंग 1959 मध्ये भारतात आले होते, मुंबईत मणिभवनात राहिले होते, हेही सांगितलं. 1972 मध्ये मुंबईतल्या तरुण दलित लेखकांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर्स या संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी मला ते नाव पुन्हा म्हणायला लावलं आणि फोनमध्ये लिहून घेतलं. करीचा नेम लागत होता, आमच्याभोवती आरडाओरडा चालला होता, आणि आम्ही दोघं नागपूर आणि मेम्फिसच्या गटारांबद्दल बोलत होतो. इतक्या मोकळेपणाने या विषयावर मी माझ्या घरातही कधी बोलले नव्हते.

ग्रिझलीज जिंकले, 116-107. एकोणीस वर्षांच्या जीजी जॅक्सनने, ज्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या फेरीत 45 व्या क्रमांकावर घेतलं होतं, 23 गुण केले. प्रत्येक थ्री-पॉइंटरला ते गृहस्थ माझा खांदा हलवत होते. दोनच दिवसांनी वॉरियर्सचे सहायक प्रशिक्षक देयान मिलोयेविच सॉल्ट लेक सिटीत हृदयविकाराने गेल्याची बातमी आली. वय 46. त्यांचा शेवटचा सामना आम्ही बघितला होता.

रस्ते निसरडे झाल्याने आम्ही मंगळवारभर त्याच हॉटेलात अडकलो. बुधवारी दादाने हळूहळू गाडी काढली.

28 एप्रिल 2025 च्या पहाटे क्लेबॉर्न टेंपल जळालं. छत कोसळलं, आतला लाकडी भाग गेला. आग मुद्दाम लावली गेली होती, असं अग्निशमन दलाने नंतर सांगितलं. मी पुण्यात फोनवर ते फोटो बघितले आणि मला फार राग आला, अजून येतो. जीर्णोद्धाराचं काम करणाऱ्या लोकांनी चर्च पुन्हा बांधायचं ठरवलं आहे, त्यांना मी जमेल तेवढे पैसे पाठवले. ग्रिझलीजच्या सामन्याला कोणी मराठी माणूस जाणार असेल तर निम्मा तास आधी निघा आणि त्या चौकात जा. नावांची भिंत चर्चच्या बाहेर, मोकळ्यावर आहे.