खिंडीपर्यंत आणि परत : टू-स्ट्रोक डर्ट बाइकचे जेटिंग आणि धूर

डोंगरवाट पायथ्याशी समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर सुरू होते आणि २,२०० मीटरवरची खिंड गाठून त्याच वाटेने खाली उतरते. खाली दगडधोंड्यांनी भरलेली, पहिल्या-दुसऱ्या गिअरची अरुंद पायवाट, मध्ये लांबलचक चढण, वर मोकळे माळरान आणि परतीला तासन्‌तास उतार असा हा मार्ग आहे. आम्ही दोघे २५० सीसीच्या टू-स्ट्रोक बाइकवर निघालो होतो आणि अरुंद वाटेवर एकामागोमाग एक चालावे लागत असल्याने पुढच्या गाडीचा सगळा धूर मागच्याच्या तोंडावर येत होता. म्हणून या प्रवासात धुराचे कारण टप्प्याटप्प्याने शोधायचे आणि वाटेतच जेटिंग (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधल्या इंधनाच्या छिद्रांची, म्हणजे जेटची, मापे) बसवत जायचे, असे ठरवले. याच प्रकारच्या वाटेवर जाणाऱ्यांसाठी तो सगळा क्रम येथे लिहीत आहे.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनातून धूर अजिबात निघू नये, ही अपेक्षा चुकीची आणि धोक्याचीही आहे, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांना वंगण मिळते ते याच मिश्रणातून. थंड इंजिन सुरू करताना दिसणारा आणि गरम झाल्यावर विरळ होणारा धूर स्वाभाविक आहे. गरम इंजिनातही दाट धूर येत राहणे, सायलेन्सरच्या टोकाशी काळे चिकट ऑइल ठिबकणे आणि थ्रॉटल उघडताना इंजिनाने घरघरत अडखळणे, ही हवा-पेट्रोलचे मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, असल्याची लक्षणे आहेत आणि जेटिंगने कमी करायचा तो हाच धूर.

मात्र जेटला हात लावण्याआधी जेटिंगशी संबंध नसलेली कारणे पायथ्यालाच तपासून घ्यावीत. एअर फिल्टर मळलेला असेल तर मिश्रण आपोआप रिच होते. चोकचा प्लंजर पूर्ण बसत नसेल, किंवा फ्लोटची पातळी चढलेली असेल, तर कितीही लहान जेट घातला तरी धूर थांबत नाही. क्लचच्या बाजूचे क्रँक सील (क्रँकशाफ्टभोवतीचे रबरी सील) गेले असेल तर गिअरबॉक्समधले ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाऊन जळते. धूर पांढरा आणि भरपूर असतो आणि गिअर ऑइलची पातळी कोठेही गळती न दिसता घटत जाते. याउलट इग्निशनच्या बाजूचे सील गळू लागले तर तेथून हवा आत शिरते, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होते आणि थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे लवकर खाली येत नाहीत. हेड गॅस्केटमधून कूलंट आत जात असेल तर गोडसर वासाची पांढरी वाफ दिसते. यांपैकी कोणताही दोष असलेल्या गाडीचे जेटिंग बसवणे म्हणजे श्रम वाया घालवणे आहे. आमच्या दोन्ही गाड्यांचे फिल्टर धुऊन, फिल्टर ऑइल लावून आणि गिअर ऑइलची पातळी पाहूनच आम्ही पुढचे काम हाती घेतले.

धूर कमी करायचा म्हणून पेट्रोलमधले ऑइल कमी करण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. माझ्या मते तो घेऊ नये. आमचे प्रमाण ४०:१, म्हणजे एका लिटर पेट्रोलला २५ मिलिलिटर ऑइल, असे होते आणि संपूर्ण प्रवासात ते बदलले नाही. ऑइल कमी केले की वंगण घटते, शिवाय त्याच जेटमधून पेट्रोलचा वाटा किंचित वाढल्याने मिश्रण थोडे आणखी रिच होते. प्रमाण उत्पादकाच्या सूचनेनुसार ठेवावे, प्रत्येक वेळी मोजून घालावे आणि जेटिंग त्या एकाच प्रमाणावर बसवावे. बदलायचीच असेल तर ऑइलची प्रत बदलावी. जासो या जपानी मानकातल्या एफसी आणि एफडी या श्रेणींची ऑइले एफबीपेक्षा स्पष्टपणे कमी धूर करतात. टीसी-डब्ल्यू३ हे ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी असते. ते स्वस्त मिळाले तरी डर्ट बाइकमध्ये घालू नये.

कार्बोरेटरचा कोणता भाग केव्हा काम करतो, हे डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. बंद थ्रॉटलपासून साधारण एक चतुर्थांशापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्याच्या आसपास स्लाइडचा (थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणाऱ्या झडपेचा) कट आणि तिच्यात बसवलेल्या नीडलची (सुईची) जाडी, एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश या पट्ट्यात नीडलचा निमुळता भाग आणि तिची उंची ठरवणाऱ्या क्लिपची खाच, तर त्यापुढे मेन जेट, अशी ही वाटणी आहे. या सीमा काटेकोर नसून एकमेकींत मिसळतात. थ्रॉटलच्या हाउसिंगवर आणि ग्रिपवर कागदी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा करून ठेवाव्यात. धूर किंवा अडखळणे कोणत्या खुणेवर होते हे पाहिले की कोणता भाग बदलायचा ते कळते, आणि अंदाजाने मेन जेट लहान करत बसण्याचा मोह टळतो.

माझ्या गाडीवर कीहिनचा पीडब्ल्यूके कार्बोरेटर आहे. निघताना मेन जेट १६५, पायलट ४२ आणि क्लिप वरून तिसऱ्या खाचेत होती. दगडांच्या वाटेवर थ्रॉटल क्वचितच पाव खुणेच्या पुढे जात होता आणि सर्वांत जास्त धूर तेथेच होत होता. अर्थात दोष पायलटच्या हद्दीत होता. इंजिन पूर्ण गरम करून एअर स्क्रू हळूहळू फिरवत इंजिनाचा वेग सर्वाधिक होण्याची जागा शोधली, तर ती स्क्रूच्या पूर्ण बंद जागेपासून अडीच फेऱ्यांच्याही पलीकडे निघाली. या कार्बोरेटरचा स्क्रू हवा नियंत्रित करतो, त्यामुळे तो बाहेर काढला की मिश्रण लीन होते, आणि इतका बाहेर काढावा लागतो याचा अर्थ पायलट गरजेपेक्षा मोठा आहे. पायलट ४० घातल्यावर तीच जागा दीड फेऱ्यांवर आली. एक ते दोन फेऱ्यांच्या मध्ये उत्तर मिळाले की पायलट योग्य समजावा. एकाच्या आत मिळाले तर मोठा घ्यावा. स्क्रू स्लाइडच्या इंजिनाकडील बाजूला असेल तर तो इंधनाचा स्क्रू असतो आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो, हे आधी पाहून घ्यावे. या एका बदलाने अरुंद वाटेवरचा धूर एवढा कमी झाला की मागच्या सोबत्याला अंतर राखून चालण्याची गरज उरली नाही.

चढण सुरू झाली तसे गणित बदलत गेले. उंचीबरोबर हवा विरळ होते. समुद्रसपाटीच्या मानाने २,२०० मीटरवर तिची घनता सुमारे २० टक्क्यांनी कमी असते. कार्बोरेटरमधून येणारे इंधन त्याच प्रमाणात घटत नाही, ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते, म्हणून मिश्रण साधारण दहा टक्क्यांनी रिच होते. वरच्या गार हवेने भरून निघणारा भाग या आकड्यांत धरलेलाच आहे, आणि उरलेला परिणाम कानांना आणि डोळ्यांना सहज जाणवतो. अर्ध्या थ्रॉटलवर इंजिन जडपणे ओढू लागले आणि धूर पुन्हा दिसू लागला, तेव्हा क्लिप एक खाच वर घेतली. क्लिप वर गेली की नीडल खाली बसते आणि मिश्रण लीन होते. हे काम गाडी सपाट जागी उभी करून, पेट्रोलचा कॉक बंद करून आणि खाली स्वच्छ कापड पसरूनच करावे, कारण गवतात पडलेली क्लिप पुन्हा सापडत नाही.

माळरानावर पूर्ण थ्रॉटल द्यायला जागा मिळाली. तेथे इंजिन वरच्या फेऱ्यांना भरभरत होते. क्षणभर चोक ओढून पाहिला तर भरभर वाढली, म्हणजे मिश्रण लीन नव्हते. चोक ओढल्यावर इंजिन सुधारले असते तर जेट मोठा करावा लागला असता. मेन १६५ काढून १५८ घातल्यावर आवाज स्वच्छ झाला. नवा प्लग लावून, वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर जाऊन, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद केले आणि प्लग काढून पाहिला. पोर्सेलिनच्या तळाशी, आत खोलवर, तपकिरी कडे उमटलेले होते. नुसत्या टोकाचा रंग पाहून निष्कर्ष काढू नये, आणि पांढरे स्वच्छ पोर्सेलिन दिसल्यास आनंद मानण्याऐवजी ताबडतोब जेट मोठा करावा. एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढणे पुरेसे झाल्याने वर पायलट बदलावा लागला नाही. सोबत्याची गाडी मिकुनी कार्बोरेटरची आहे. दोन्हींच्या जेटवरचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीचे असल्याने एकाचा क्रमांक दुसऱ्याला लावू नये, आणि जेटही अदलाबदल करू नयेत.

परतीचा उतार हा या मार्गाचा सर्वांत जोखमीचा भाग आहे, आणि त्याबद्दल आग्रहाने सांगावेसे वाटते. खिंडीवर नेमके बसवलेले जेटिंग खालच्या घन, गरम हवेत लीन ठरते. त्याच जेटवर पायथ्याच्या सपाटीला पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन तापून इंजिन सीझ (जाम) होऊ शकते. म्हणून उतरायला लागण्यापूर्वीच आम्ही मेन जेट, क्लिप आणि एअर स्क्रू खालच्या मापावर आणले. त्यामुळे वरच्या टप्प्यात धूर थोडा वाढला, तो आम्ही जाणूनबुजून पत्करला. चढताना जेटिंग उशिरा बदलले तर फक्त धूर होतो, उतरताना उशीर झाला तर इंजिन जाते.

लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिन ब्रेकिंगने उतरणेही टू-स्ट्रोकला मानवत नाही. थ्रॉटल बंद म्हणजे इंधन बंद, आणि इंधन बंद म्हणजे वंगणही तुटपुंजे, तर फेरे मात्र चढलेले. दर थोड्या अंतरावर क्लच दाबून थ्रॉटल हलकासा उघडावा, किंवा क्लच दाबून ब्रेकवर उतरावे. मंद थ्रॉटलवर उतरताना क्रँककेसमध्ये साठलेले ऑइल खाली पोहोचून थ्रॉटल उघडल्यावर दाट धुराच्या रूपाने एकदा बाहेर पडते. तो पाहून जेटिंग बिघडले असे समजू नये. काही अंतर मोकळे चालवल्यावर धूर विरळ झाला नाही, तरच पुन्हा एअर स्क्रूपासून तपासावे.

सोबत काय घ्यावे हे मार्गाच्या उंचीवर अवलंबून आहे. एवढ्या चढउतारासाठी सध्याच्या मापापेक्षा दोन-तीन पायऱ्या लहान आणि एक पायरी मोठे मेन जेट, पायलटची दोन्ही बाजूंची मापे, एक जादा क्लिप, योग्य हीट रेंजचे (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचे) दोन नवे प्लग, आखूड स्क्रू ड्रायव्हर आणि जेटचा पाना एवढे पुरते. धुरकट प्लगवर उपाय म्हणून जास्त गरम प्लग लावू नये. एनजीके कंपनीच्या प्लगच्या क्रमांकांत लहान आकडा गरम प्लगचा असतो, एवढे लक्षात ठेवून गाडीला सांगितलेलेच माप घ्यावे. तापमान, उंची आणि घातलेला जेट यांची नोंद प्रत्येक बदलाबरोबर करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. जेटिंग जुळल्यावरही गरम सायलेन्सरमधून धूर येत राहिला, तर आतले पॅकिंग पूर्वीच्या रिच मिश्रणाच्या ऑइलने भिजलेले असते. ते बदलल्यावर माझ्या गाडीचा उरलेला धूरही गेला.