फॉरमॅट मारण्याआधी फोल्डर उघडून बघा

विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी. उन्हाळाभर धुळीत पडलेला डिजिटल वर्गाचा संगणक सुरू होतो, प्रोजेक्टरही लागतो, पण धड्यावर क्लिक केलं की करड्या गोलातलं ‘आय’ अक्षर तेवढं दिसतं. लोकवर्गणीतून घेतलेलं सॉफ्टवेअर गेलं म्हणून संगणक तालुक्याच्या दुकानात नेला, की सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा. तेवढं करू नका, त्यात सगळे धडे पुसले जातात.

बिघडलेलं काही नसतं. हे धडे फ्लॅशमध्ये, म्हणजे अॅडोबी कंपनीच्या हलती चित्रं दाखवायच्या जुन्या तंत्रात, बनलेले आहेत. ते चालवणारा फ्लॅश प्लेअर अॅडोबीने 31 डिसेंबर 2020 ला बंद केला आणि शेवटच्या आवृत्त्यांत 12 जानेवारी 2021 पासून तो आपोआप अडेल अशी सोय करून ठेवली. तो बघतो संगणकाची तारीख. म्हणूनच मदरबोर्डवरची सीआर 2032 बॅटरी संपून तारीख 2010 वर गेलेल्या संगणकावर तोच धडा खुशाल चालतो, आणि शेजारच्या धडधाकट संगणकावर चालत नाही! काही जण मुद्दाम तारीख मागे नेतात. धडा चालतो, पण दीक्षासारखी (सरकारचं शिक्षणाचं पोर्टल) संकेतस्थळं उघडेनाशी होतात, कारण त्यांचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला सुरूच झालेलं नसतं.

त्यापेक्षा आधी प्रत काढा. डेस्कटॉपवरचं चिन्ह कॉपी करून काही मिळत नाही, तो नुसता शॉर्टकट असतो. त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या आणि आख्खं फोल्डर उचला. मुख्य फाइल आवाज, चित्रं, पुढचे भाग शेजारच्या उपफोल्डरांतून घेते. एक जरी हललं तरी धडा मध्येच पांढरा पडतो. चार जीबीपेक्षा मोठी फाइल ‘फॅट 32’ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर जात नाही, तो ‘एक्सफॅट’ करून घ्या. सॉफ्टवेअरला डोंगल (यूएसबीत लावायचा परवान्याचा तुकडा) किंवा किल्ली (परवान्याचा क्रमांक) असेल तर तीही जपा. विंडोज नव्याने टाकलं की बरेचदा किल्ली पुन्हा मागतात, आणि द्यायला कंपनी उरलेली नसते.

फोल्डरात एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या, फाइली दिसल्या तर निम्मं काम झालं. नव्या संगणकावर ‘रफल’ हा मोफत प्रोग्राम टाकून त्यात त्या उघडा. अॅक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या आवृत्ती 1 आणि 2 मधले धडे बहुधा नीट चालतात. 3 मधल्यांचा भरवसा नाही, कुठे बटणं दाबली जात नाहीत, कुठे आवाज पुढेमागे होतो. ते धडे जुन्या संगणकावरच चालवायचे, तारीख मागे नेऊन आणि इंटरनेटची वायर काढून. एसडब्ल्यूएफऐवजी ईएक्सई (थेट चालणारी प्रोग्राम फाइल) असेल तर प्लेअर बहुतेक तिच्यातच असतो, नुसती चालवून पाहा.

रेकॉर्डिंग हा शेवटचा उपाय. चालू धडा एमपी 4 करून ठेवला की कुठल्याही टीव्हीवर लागतो, पण प्रश्नमंजूषा मरते, पोरं नुसती बघत बसतात. त्यामुळे सरसकट रेकॉर्ड करत बसू नका. आधी बालभारतीचं चालू पुस्तक शेजारी ठेवून पाहा, तो धडा अभ्यासक्रमात उरलाय तरी का.

आणि फॉन्ट! जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये असतील तर नव्या संगणकावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ही त्याच पेनड्राइव्हवर घ्या.